टाकळकर हवालदाराची बाजू

"जरा मागं घ्या ना मॅडम... पाकीट कुणी उचललं ते दिसलंच नाही."

कानामागून आवाज आला तशी योगिनी दचकली. मोबाइल हातातून निसटता निसटता राहिला. कंपनीची बस मोशीचा थांबा सोडून नुकतीच इंद्रायणीच्या पुलावर चढली होती. नदीवरचं धुकं काचेला येऊन टेकलं होतं आणि बसमधली निम्मी माणसं मफलरात मान घालून झोपली होती. तिनं मागं वळून पाहिलं. दोन सीटांच्या फटीतून एक डोळा, अर्धी मिशी आणि ओशाळं हसू, एवढंच दिसलं.

"तुम्ही माझ्या मोबाइलमध्ये बघताय?"

"तीन-चार शुक्रवार झाले की," तो म्हणाला. जणू तिनं गावचं नाव विचारलं होतं. "आवाज येत नाही, तेवढीच अडचण आहे."

खरं तर रागवायला हवं होतं. पण त्या एका डोळ्यात इतका प्रामाणिक प्रश्न होता, की तिला हसू आवरेना.

"आणि आवाजाशिवाय कळतं?"

"मी माझं बसवून घेतो ना. तो जाडा साहेब आहे, तो बिचारा सज्जन. त्याला सगळे मिळून फसवायलेत. आणि तो म्हातारा हवालदार... तो खरा चोर. दर वेळी पाकीट त्याच्याच हातात असतंय."

"अहो, सगळं उलटं बघितलंत तुम्ही."

"मग सुलटं सांगा."

योगिनीच्या शेजारी चिमाबाई बसल्या होत्या. त्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करायच्या. दापोडीहून निघून नाशिक फाट्यावर बस पकडायच्या आणि चाकण येईपर्यंत डोळे मिटून असायच्या. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "सांग की पोरी त्याला. मलापण ऐकू दे. मीपण बिनआवाजाचंच बघते."

असा तो प्रज्वल तिला भेटला. मूळचा लातूरकडचा, राहायला रहाटणीत, कामाला मेंटेनन्समध्ये. बस रहाटणीहूनच सुटायची, म्हणून त्याला मनासारखी जागा मिळायची. आणि मनासारखी जागा म्हणजे तिच्या मागची, हे तिला पुढं कळलं.

मालिकेचं नाव 'ठाणे अंमलदार'. त्या हिवाळ्यात चाकणपासून भोसरीपर्यंत दुसरा विषयच नव्हता. एक पोलीस ठाणं, त्यात एक खाणारा साहेब, त्याच्या खालोखाल खाणारे बाकीचे, आणि पाकिटं इकडून तिकडं पोचवायला ठेवलेला म्हातारा हवालदार टाकळकर. पाकीट कधी उघडत नाही, कधी नाही म्हणत नाही, फक्त नेऊन ठेवतो. नवा भाग गुरुवारी यायचा. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची, त्यामुळे अख्ख्या पट्ट्यानं तो त्या दिवशी घरात बसून बघितलेला असायचा आणि शुक्रवारी सकाळी बसमध्ये पंचायत भरायची.

योगिनी मात्र गुरुवारी बघायची नाही. शुक्रवारी बसमध्ये बघायची. त्याचं कारण तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी फटीतून पुन्हा आवाज आला. "आजच्याला साहेब बायकोवर का ओरडला?"

तिनं डबीतला दुसरा इअरबड काढला आणि फटीतून मागं दिला. घेताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. थंडीत लोखंडी कामाला जुंपलेली, खरखरीत बोटं. पण तो इअरबड त्यानं असा उचलला, जणू चिमणीचं पिल्लू आहे.

शेजारी येऊन बसणं शक्य नव्हतं. कंपनीच्या बसमध्ये बायकांच्या जागा ठरलेल्या असतात आणि तिथं पुरुष बसला, की संध्याकाळपर्यंत ती बातमी पेंटशॉपला पोचते. म्हणून ती पुढं, तो मागं, तिच्या एका कानात अर्धी मालिका आणि त्याच्या एका कानात अर्धी. चाकणच्या तळेगाव चौकात ट्रक अडकले की बाकीचे ड्रायव्हरच्या नावानं बोटं मोडायचे. या दोघांना मात्र कोंडी हवीहवीशी वाटायची. एक भाग मोशीपासून चौकापर्यंत संपत नसे. कोंडीत संपे, आणि वर बोलायला वेळ उरे.

"काय काम केलंय राव त्या टाकळकरनं," प्रज्वल म्हणायचा. "तोंडातून शब्द नाही, पण पाठमोरा जरी चालला तरी कळतंय, आज याचं मन नाही."

"आता चोर नाही ना म्हणत?"

"आवाज आल्यापासून थोडा कमी चोर वाटायलाय."

"फक्त थोडा?"

"तुम्ही त्याची फार बाजू घेता. तुमचा कोण लागतोय तो?"

ती खिडकीबाहेर बघायची. "कुणी नाही... काका शोभेल, नाही का?"

मतं तर सगळ्या बसला होती. मागच्या सीटवरच्या विक्कीला साहेबाचं काम आवडायचं. "खातो, पण काय रुबाबात खातो," म्हणायचा. चिमाबाईंना साहेबाच्या बायकोच्या साड्या बघून सगळं कळायचं. "मालिका सुरू झाली तेव्हा सुती होती. आता बघ, दर भागाला काठ वाढतोय. बनवणारानं डोकं लावलंय हो." हे मात्र सगळ्यांना पटायचं, की मालिका बनवणाऱ्यानं ठाणं नुसतं लांबून बघितलेलं नाही. टेबलावरचा न विसळलेला कप, वायरलेसची खरखर, तक्रारदाराला उभं ठेवायची ती तऱ्हा, सगळं जसंच्या तसं.

"टाकळकरच्या बायकोनं नवऱ्याचा पट्टा पुसताना चुन्याची पूड वापरली बघ," एकदा योगिनी बोलून गेली. "बक्कल त्यानंच चमकतं. हे कुणी सांगितलं असेल त्यांना?"

मागून तो फटीजवळ सरकला. मग हळूच, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला... कुठंतरी वाचलं होतं."

"बक्कल पुसायचं वाचता तुम्ही?"

"तुम्ही गप्प बघा ना."

तो गप्प बघायचा. पण मोबाइलकडे कमी आणि काचेतल्या तिच्या सावलीकडे जास्त. धुक्यानं काच आरशासारखी व्हायची आणि दोघांची नजर तिथं, काचेत, चुकून भेटायची. चुकून म्हणायचं एवढंच. रोज त्याच वळणावर चुकावं असं त्यात काही नव्हतं.

योगिनीला तो आवडायला लागला होता, आणि म्हणूनच तिला भीती वाटायला लागली होती.

तिचे वडील मालोजीराव पोलिसांत हवालदार होते. उभी नोकरी झाली होती, निवृत्ती जवळ आली होती, आणि घर अजून मोशीतल्या भाड्याच्या दोन खोल्यांत होतं. मागच्या वर्षी खेडकडचं एक स्थळ आलं होतं. मुलाच्या मामांनी चहाची बशी खाली ठेवता ठेवता विचारलं, "आणि वरची कमाई कशी काय?" मालोजीराव म्हणाले, "वर पंखा आहे. बाकी काही नाही." मामा हसले, गेले, आणि निरोप पाठवला. माणूस एक तर लपवतोय, नाहीतर खुळा आहे. दोन्ही असलं तरी आमचं जमणार नाही.

तेव्हापासून कुणी विचारलं, की योगिनी सांगायची, "बाबा सरकारी नोकरीत आहेत." पुढं विचारू द्यायची नाही. सकाळी ते गाडीवरून थांब्यावर सोडतो म्हणाले, तर खाकी बघून म्हणायची, "नको बाबा, चालत जाते. पाय मोकळे होतात." ते मान हलवायचे आणि दुसऱ्या रस्त्यानं जायचे. मालिकासुद्धा घरात लावायची नाही ती याचसाठी. एकदा लावली होती. साहेबानं पहिलं पाकीट घेतलं आणि मालोजीराव उठून बाहेर जाऊन उभे राहिले. तेव्हापासून बसमध्येच.

मनात तिचं एकच होतं. या मुलाला एक दिवस सांगावं लागणार. मग तो बाबांना चोर म्हणेल की खुळा? तिसरं काही म्हणणारा माणूस तिला अजून भेटला नव्हता.

शेवटून दुसरा भाग आल्यानंतरच्या शुक्रवारी बस पेटून उठली होती. त्या भागात टाकळकर पहिल्यांदा पाकीट साहेबाच्या टेबलावर परत ठेवतो आणि म्हणतो, हे मी नेणार नाही. लगेच त्याच्यावरच चोरीचा आळ येतो.

"इथंच मालिका खोटी पडली," विक्की मागून म्हणाला. "असा पोलीस नसतो राव."

"का नसतो?" चिमाबाई म्हणाल्या. "असतो एखादा."

"मावशी, एखादा दाखवा की मग."

"माझ्याकडं आहे एक," प्रज्वल म्हणाला.

योगिनीनं चित्र थांबवलं. काळीज भरून आलं तिचं. त्यानं पाहिलाय, असा एक माणूस त्यानंही पाहिलाय. ती मागं वळून ऐकायला लागली.

"कंपनीत कायम व्हायच्या आधी पोलिसांचा दाखला लागतोय ना? त्यासाठी खोलीवर चौकशीला आला होता एक हवालदार. मी तयारीतच. दूध आणून ठेवलेलं, बिस्किटं आणून ठेवलेली. हा खुर्चीवर बसलाच नाही. उभ्या उभ्या विचारलं, गाव कोणतं, इथं कधीपासून. चहा नको म्हणाला. पाणी घ्या मनलं, तर पाणी पण नको. पिशवीतून स्वतःची बाटली काढली आणि घटाघट प्याला. बाटलीला पण कव्हर. लोकरीचं, निळं-पिवळं, बारक्या पोराच्या टोपीसारखं."

बस हसली. योगिनी हसली नाही.

"मी मनलं, मेलो. जो चहावर भागतोय तो परवडतो. हा चहाला शिवत नाही म्हणजे याचा भाव मोठा असणार. मग जिन्यात गाठला. नोट घडी करून खिशात सरकवायला गेलो, तर यानं मनगट धरलं. असं धरलं भावा, दोन दिवस स्क्रू फिरवता येईना. बोलला काहीच नाही. नोट माझ्याच खिशात घातली आणि गेला."

"आणि दाखला?" विक्कीनं विचारलं.

"आला की, वेळेवर आला. त्याचंच तर भ्या वाटायलंय. कधी मागायला येतोय मनून अजून वाट बघायलोय." सगळे पुन्हा हसले. हसू मिळालं की माणूस एक पाऊल पुढं जातो, तसा तो गेला. "असा माणूस एक तर लई मोठा चोर असतोय, नाहीतर खुळा. टाकळकर पण त्यातलाच."

तेच शब्द. खेडच्या मामांचे, तसेच्या तसे, आता या तोंडातून.

योगिनीनं फटीतून हात मागं केला. "माझा इअरबड द्या."

"काय झालं?"

"द्या."

त्यानं दिला. तिनं तो डबीत ठेवला, डबी बंद केली, आणि उभी राहिली. बस चौकात अडकलेली होती. पुढं ट्रकच ट्रक.

"ते कव्हर मी विणलंय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण हसणं विरत चाललं होतं, म्हणून सगळ्यांना ऐकू गेला. "चौकशीला गेलं की लोक आधी पाणी देतात, मग सरबत, मग पाकीट. पाण्यालाच नाही म्हटलं की पुढचं सगळं थांबतं, असं ते म्हणतात. म्हणून बाटली घरून नेतात. ते माझे वडील आहेत."

चिमाबाईंनी डोळे उघडले. प्रज्वलचा चेहरा असा झाला होता, की एरवी तिला त्याची कीव आली असती. ती खाली बसली आणि कंपनीचं फाटक येईपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. छातीवरून काहीतरी उतरलं होतं. वर्षभर ज्या माणसाला ती दुसऱ्या रस्त्यानं पाठवत होती, त्याला तिनं भर बसमध्ये आपले वडील म्हटलं होतं.

त्यानंतर प्रज्वल बसमध्ये दिसला नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

"दुसरी पाळी मागून घेतली त्यानं," चिमाबाई म्हणाल्या. "दुपारच्या गाडीनं येतो." मग जरा थांबून, "तोंड लपवतोय, दुसरं काय."

"लपवू दे," योगिनी म्हणाली. पण पुलावर बस आली, की काचेकडे बघायची तिला भीती वाटायची. काचेत एकच सावली असायची.

बुधवारी संध्याकाळी मालोजीराव घरी आले. बरेच दिवस बंदोबस्तावर होते, गालाची हाडं वर आली होती. योगिनीच्या आईनं, दुर्गाबाईंनी, ताट वाढलं. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "आज ठाण्यात एक गंमत झाली. एक पोरगा तक्रार द्यायला आला होता."

"मग त्यात गंमत काय?" दुर्गाबाई म्हणाल्या.

"स्वतःच्याच विरुद्ध द्यायची म्हणाला."

योगिनीचा हात भाकरीवर थांबला.

"रोज सकाळी येऊन बाकावर बसायचा म्हणे. आमच्या पोरांनी दहा वेळा विचारलं, काय काम आहे. म्हणायचा, मालोजीराव हवालदारांनाच सांगीन. पोरांना वाटलं माझा खबऱ्या आहे, चहा पाजत होती त्याला." ते मिशीत हसले. "आज मी दिसल्यावर उभा राहिला. म्हणतो, मी तुम्हाला लाच द्यायला बघितलं होतं, माझ्यावर गुन्हा लिहून घ्या. मी म्हटलं, बाळा, नोकरी जाईल तुझी. म्हणतो, जाऊ दे. आणि मी तुमच्याबद्दल चारचौघांत वाईट बोललोय, त्याला कलम असलं तर तेपण लावा."

"अगं बया," दुर्गाबाई म्हणाल्या. "खुळं हाय का काय ते?"

"मलापण आधी तसंच वाटलं. मग वाटलं, आपल्याला लोक हेच म्हणतात की." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मी सांगितलं, त्या दिवशी जिन्यात सोडलं तेव्हाच विषय मिटला होता. तुझ्या एका नोटेपायी मी सरकार कुठं कामाला लावू? जा म्हटलं. तर जाईना. म्हणाला, एक मालिका आहे, तिच्यातला हवालदार तुमच्यासारखा आहे. मी त्याला चोर समजत होतो. माझी चूक झाली." त्यांनी मान वर केली. "तुझ्याच गाडीत असतो ना गं तो?"

"हो," योगिनी म्हणाली.

"कुठली मालिका ती? उद्या मला सुट्टी दिलीय. दाखव."

गुरुवारी सकाळी मालोजीराव भिंतीला टेकून बसले. मांडीवर मटारांची टोपली घेतली. योगिनीनं पहिल्या भागापासून लावलं. एक मटार सोलायचा, एकदा बघायचं, असं चाललं होतं. दुसऱ्या भागात सोलणं थांबलं.

"साहेबासमोर उभा राहिला की भार उजव्या पायावर देतो बघ. डावा गुडघा बंदोबस्तानं खाल्लाय त्याचा. तोंडानं एकदा पण सांगितलं नाही, नुसतं उभं राहून दाखवलं." ते कौतुकानं मान हलवत राहिले. "मोठा नट आहे हा. याच्या शेजारी कुणीतरी हवालदार राहत असणार."

दुपार कलली तेव्हा तो भाग आला. टाकळकर पाकीट परत ठेवतो, घरी येतो, बायको ताट वाढते आणि तो ताटाकडे नुसता बघत बसतो.

"तुमी पण असंच आला हुता," दुर्गाबाई म्हणाल्या. "जेवला न्हाई त्या दिवशी."

"मला नाही आठवत."

"मला आठवतंय. वांग्याची भाजी हुती."

मालोजीरावांनी डोळे पुसले नाहीत, नुसती टोपली बाजूला ठेवली. मग पडद्याकडे बघतच विचारलं, "लोक काय म्हणतात याच्याबद्दल? तुझ्या गाडीत?"

योगिनीनं खोटं सांगितलं नाही. "काही म्हणतात चोर. काही म्हणतात खुळा."

"आणि तू?"

"मी... इतके दिवस काहीच म्हणत नव्हते बाबा."

ते समजले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मटाराच्या हिरव्या वासाचा. थोड्या वेळानं म्हणाले, "आणि तो लातूरचा? तो आता काय म्हणतो?"

"विचारलं नाही मी."

"विचार की मग."

शुक्रवारी कंपनीत पाळ्या बदलतात. मालोजीराव गाडी काढत होते, खाकी कडक इस्त्रीची. योगिनी येऊन मागं बसली. "थांब्यापर्यंत सोडा." त्यांनी गाडी जरा सावकाश चालवली. थांब्यावर बस आली तेव्हा सगळ्या खिडक्यांनी बघितलं, आणि तिनं बघू दिलं.

तो होता. आपल्या जागेवर, मान खाली घालून. योगिनी जागेकडे गेली तशा चिमाबाई उठल्या. "माझे गुडघे धरलेत. पुढं पाय पसरून बसते." जाता जाता प्रज्वलच्या खांद्यावर थाप मारून म्हणाल्या, "ही जागा मोकळी आहे रे लातूर. सांगून ठेवते."

पूल आला, पूल गेला. मग बाजूला कुणीतरी उभं राहिलेलं तिला जाणवलं.

"बसू का?"

"पेंटशॉपला बातमी जाईल."

"ठाण्यात जाऊन आलोय. पेंटशॉपचं काय भ्या घालता?"

ती सरकली. तो बसला, अंग चोरून, मधे हातभर अंतर ठेवून.

"चुकलो मी," तो म्हणाला. "तुम्ही बोललात त्यानंतर सगळे भाग परत बघितले. एकट्यानं, आवाज लावून. मला एवढंच कळत नव्हतं, की माणूस घेत नाही म्हणजे नुसतं घेत नाही, असं असू शकतंय. आमच्याकडं कुणी दाखवलंच नाही तसं. मी त्यात भावच शोधत बसलो."

"आणि आता काय म्हणता टाकळकरला? चोर की खुळा?"

कोवळं ऊन धुक्यातून वाट काढत त्याच्या गुडघ्यावर आलं होतं.

"थोर म्हणावं, तर त्याला आवडणार नाही," तो म्हणाला. "मी म्हणतो, त्याच्या घरातली माणसं नशीबवान. रात्री दार वाजलं तर घाबरायचं कारण नाही त्यांना."

योगिनीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. डोळे भरले होते, आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही त्याला एकदम दाखवायची तिची तयारी नव्हती.

"शेवटचा भाग बघितलात?" तिनं विचारलं.

"नाही. तो तुमच्याबरोबर बघायचा म्हणून ठेवलाय. काय होतंय टाकळकरचं?"

"सांगणार नाही."

"मॅडम..."

"काल बाबांबरोबर बघितला, त्यांना तो परत बघायचाय. पुढच्या गुरुवारी. घरी या."

तळेगाव चौक आला. ट्रक अडकले होते. प्रज्वलनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, उचलले, परत ठेवले.

"येताना काय आणू? पेढे?"

"काही नाही. पेढे दारातून परत जातील, तुमच्यासकट."

"रिकाम्या हातानं कुणाकडं गेलेलं आमच्या आईला चालत नाही."

"आमच्याकडं तसंच चालतं."

तो विचारात पडला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "द्यायला काही आणायचं नाही, ते कळलं. पण... मागायला आलो तर?"

तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पुढं चिमाबाई मान अजिबात न वळवता बसल्या होत्या. इतक्या ताठ त्या कधीच बसत नसत.

"बाबा आधी बस म्हणतील," योगिनी हळू म्हणाली. "मग विचारतील, नीट, एकेक करून. ते विचारायला लागले की खोटं टिकत नाही, सांगून ठेवते."

"खोटं कशाला सांगू?" तो म्हणाला. आता त्यानं तिच्याकडे बघितलं. "त्यांना सांगीन, तुमची मुलगी मला आवडते. तिचं ऐकलं की मला माणसं नीट दिसायला लागतात. एवढंच तर आहे."

ट्रक हलले. बस पुढं सरकली, तसं मधलं हातभर अंतर आपोआप कमी झालं आणि दोघांनीही ते परत मागितलं नाही.

"हे असंच सांग," योगिनी म्हणाली. "एक शब्द वाढवू नकोस."